हीटर की रेडिओ

परवा नातवाने त्याच्या फोनवर मला एक गाडी दाखवली. कुवेतमधल्या सबाह अल-सालेमच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारची सगळी झोपलेली असतात, आम्ही दोघेच जागे. "दादा, इज धिस द वन?" म्हणून त्याने फोन माझ्या नाकाशी धरला. तीच होती. फिकट हिरवी, चार दारांची, पुढे दोनच दिवे. अमेरिकेत कुणा हौशी माणसाने त्या गाडीची अख्खी कुंडली मांडून ठेवली आहे. कोणत्या साली किती बनल्या, चार दारांच्या किती, दोन दारांच्या किती. खाली कारखान्यात सांगून जास्तीच्या बसवून घ्यायच्या वस्तू, आणि प्रत्येकीपुढे त्या काळची डॉलरमधली किंमत. पांढऱ्या पट्ट्याचे टायर, आपोआप बदलणारे गिअर, काचेवर पाणी उडवणारी पिचकारी. मी म्हटलं, "अजून खाली जा." हीटर आला, त्याच्या खाली रेडिओ आला. मी वाचून दाखवले होते तेव्हाही ते असेच एकाखाली एक होते. रेडिओ थोडा स्वस्त. पोराने गाड्यांचा आकडा वाचला, तो लाखांत होता, आणि हसून म्हणाला की एवढ्या बनल्या त्यातली एक तुम्ही कशी लक्षात ठेवली? मी त्याला चहा टाकायला सांगितला. 

मला कुवेतला आणलं ते उस्मानमामूने. माझ्या आईचा धाकटा भाऊ. आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठी, घराघरांतला एकेक पुरुष बोटीवर. माझे वडील बोटीवर गेले ते परत आले नाहीत, आणि सातवीनंतर माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे कुणी सोडवली नाही. एक दिवस आईने दप्तराच्या पिशवीत तांदूळ भरून गिरणीवर पाठवलं आणि ती पिशवी मग तिथलीच झाली. दोनेक वर्षं मी खाडीवर कालवं काढली, बंदरावर पोती मोजली. मग मामू रजेवर आला. त्याने मला अंगणात उभा करून वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आईला म्हणाला, "आपा, याला इंग्रजी अक्षरं वाचता येतात काय? येतात ना? मग बस झाला." मी त्या माणसाचं किती देणं लागतो हे मोजायला बसलो तर ही वही पुरायची नाही. त्या वयात मात्र मला फक्त भीती वाटत होती. बोटीवर भीती, उतरल्यावर भीती, कुणी मोठ्याने अरबीत बोललं की वाटायचं आता आपल्याला परत पाठवणार.

कुवेत शहरातल्या मुरगाब मोहल्ल्यात मातीच्या भिंतींच्या एका घरात आमची खोली होती. सहा जण, सगळे रत्नागिरीकडचे. आज इथल्या जलीब वस्तीत पोरं राहतात तशीच दाटी, फक्त तेव्हा वरती पंखाही एकच होता आणि तो फिरताना कुणीतरी पाट्यावर काही वाटतंय असा आवाज करायचा. पाण्याचा टँकर आला की गल्लीत डबे आपटायचे, रॉकेलवाला हातगाडीचं लोखंड वाजवत जायचा, आणि बंदरावरून बोटीचा भोंगा आला की सहाही जण कान टवकारायचे. मुंबईची बोट असेल तर कुणाच्या तरी घरून काहीतरी आलेलं असायचं. आमसुलं, सुकट, तांदळाचं पीठ. सुकट भाजली की शेजारचा इराणी बेकरीवाला दार लावून घ्यायचा. भाकऱ्या मामू थापायचा. एवढा दांडगा ड्रायव्हर, मनगटं ओंडक्यासारखी, पण भाकरी अशी पातळ की तव्यावर फुगून टम्म. "मुमानीला सांगू नको हां," मामीबद्दल म्हणायचा, "नायतर गावी गेलो की माझ्याच गळ्यात पडेल."

मामू बू युसुफची टॅक्सी चालवायचा. बू युसुफ म्हातारा कुवेती व्यापारी, तरुणपणी मोत्यांच्या धंद्यात मुंबईत राहिलेला, त्यामुळे आमच्याशी हिंदुस्तानीत बोलायचा आणि आम्हाला भेंडीबाजारातल्या गल्ल्या विचारायचा. टॅक्सी म्हणजे जुनी मोठी अमेरिकन गाडी, लढाईनंतरची, दारं तिजोरीसारखी. कुवेत ते इराकातलं बसरा अशी सवारी करायची. त्या रस्त्यावर जाहरा गाव सोडलं की मुतलाचा चढ लागतो. डोंगर म्हणावा असा नाही, पण सपाट वाळवंटात तेवढाही खूप. उन्हाळ्यात म्हातारी गाडी त्या चढावर तापायची. मामूकडे त्याचं औषध होतं. तापमानाचा काटा वर सरकला की तो हीटर सुरू करायचा. भर जूनमध्ये! आत बसलेली माणसं ओरडायची. मामू समजावायचा की इंजिनाचा ताप आपण थोडा आपल्या अंगावर घ्यायचा, म्हणजे ते बिचारं वाचतं. पहिल्यांदा मी त्याच्या शेजारी बसलो तेव्हा माझ्या पायांवर भट्टी उघडल्यासारखी हवा आली आणि मी पाय सीटवर घेतले. मामू घामाने निथळत हसत होता. "वकीलसाहेब," तो मला सातवी पास म्हणून वकीलसाहेब म्हणायचा, "पाय खाली. गाडीचा मान ठेवा."

मला त्याने एका गाड्यांच्या एजन्सीत चिकटवलं होतं, सुट्या भागांच्या गोदामात. खोक्यांवरची अक्षरं वाचायची, भाग फळीवर लावायचे, नवीन गाडी बंदरावरून आली की तिच्यासोबतच्या कागदाशी ताडून बघायची. मोठ्या गाड्यांचं गाव होतं ते. पंख फुटलेल्या, बोटीएवढ्या गाड्या. त्याच वर्षी अमेरिकनांनी एकदम लहान गाड्या काढल्या. त्यांच्या हिशोबात लहान. आपल्याकडे तिच्यात अख्खं वऱ्हाड बसलं असतं. कुवेती गिऱ्हाईक शोरूममध्ये येऊन तिच्याभोवती फिरायचं आणि विचारायचं, हिची आई कुठे आहे? पण पेट्रोल कमी खाते, किंमत कमी, म्हणून टॅक्सीवाले मालक बघायला लागले. त्या गाडीचं सगळं गणित वरच्या वस्तूंत होतं. मूळ गाडी म्हणजे उघडं घर. चूल हवी तर वेगळी सांगा, खिडकी हवी तर वेगळी सांगा. मला ती किंमतींची यादी फार आवडायची. गावात वाण्याच्या दुकानात मागाल ते बांधून मिळायचं किंवा नाही म्हणून सांगायचे. इथे मात्र कुठेतरी, समुद्रापलीकडे, कुणीतरी अनोळखी माणूस आपण म्हणू तो स्क्रू आपल्यासाठी पिळणार होता.

आता रेडिओचं सांगतो. आमच्या गल्लीच्या टोकाला चहाचं दुकान होतं, तिथे फळीवर एक रेडिओ. मगरिबची नमाज झाली, अंधार पडला की कधीकधी काटा फिरवताना मुंबई लागायची. समुद्रावरून यायची, त्यामुळे लाटेसारखी. मोठी व्हायची, बुडायची. एकदा तिच्यावर कुणी बाई मराठीत बातम्या देत होती. पाटबंधाऱ्याबद्दल काहीतरी, मला काही घेणं नव्हतं. पण माझा चहा हातातच राहिला. मला कळलंच नाही मी रडतोय ते. दुकानवाल्याने काटा पुढे नेला, दमास्कस की कैरो लावलं, आणि मी बाही डोळ्यांना लावून उठलो. मामू शेजारी होता.  त्याने फक्त माझा राहिलेला चहा स्वतःच्या पेल्यात ओतून पिऊन टाकला.

बू युसुफने म्हातारी गाडी विकून त्या लहान गाडीची ऑर्डर द्यायचं ठरवलं तेव्हा मामूला बरोबर घेऊन तो एजन्सीत आला. मॅनेजरने यादी वाचायला मला वर बोलावलं, कारण मामूला ती आमच्या बोलीत सांगायची होती. बू युसुफ खुर्चीत जपमाळ फिरवत बसला. टायर साधे, गिअर हाताचे, रंग कोणताही, असं भराभर झालं. मग तो म्हणाला, "उस्मान, गाड़ी में तू बैठेगा. एक चीज़ तेरे लिए. हीटर या रेडिओ. दोनों नहीं."

मी दोन्हींच्या किंमती वाचल्या. तेव्हा कुवेतात आपलाच रुपया चालायचा, तरी मॅनेजर डॉलरच सांगायचा, त्याला त्यात रुबाब वाटायचा.

"हीटर?" मॅनेजर हसला. "कुवेतमध्ये?"

आमच्या खोलीतला दाऊदभाई एजन्सीत गाड्या धुवायचा, तो दारातून ओरडला, "घे घे उस्मान, हीटर घे! आन् उद्या रेनकोट पन माग!"

सगळे हसले. मामूही हसला. मग यादीवर बोट ठेवून, जणू त्याला वाचता येतंय असं, मला विचारलं, "मुंबई लागंल काय रे ह्याच्यावर?"

"रात्रीची लागेल, मामू. पण मुतलाला..."

"अरे, म्हातारीला ताप यायचा. नव्या पोरीला कसला ताप?" आणि बू युसुफकडे वळून, "रेडिओ, अरबाब." मालकाला तो अरबाबच म्हणायचा.

बू युसुफने मान हलवली. मॅनेजरने फॉर्मवर खूण केली. त्या खोलीत कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही, मलासुद्धा. खाली गोदामात जाताना मी आनंदाने दोन-दोन पायऱ्या उतरलो.

गाडी आली ती हिवाळा संपताना. कागदाशी मीच ताडून बघितली. जिथे हीटरचं बटण असतं तिथे पत्र्याची एक गुळगुळीत टिकली बसवलेली होती, रंगसुद्धा डॅशबोर्डचाच, म्हणजे कुणाला उणीव दिसू नये. संध्याकाळी मामू मला समुद्रावर न्यायचा. इंजिन बंद करून रेडिओ लावायचा आणि जाड बोटांनी काटा असा सावकाश सरकवायचा, जसं एखाद्या तान्ह्याला पाळण्यात ठेवावं. मुंबई लागली की हात काढून घ्यायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. मामूला गाण्यांचं वेड नव्हतं. बातम्याही तो ऐकत नसे. माझ्याकडे तो बघायचा नाही, मुद्दाम. मी ऐकायचो. पावसाचा अंदाज, कांद्याचे भाव, कीर्तन, जे येईल ते. घर सोडल्यापासून त्या दिवसांत मला पहिल्यांदा झोप नीट लागायला लागली. मी हे त्याला कधी सांगितलं नाही. मामा-भाच्यात असलं बोलायची आमच्याकडे रीत नाही. आज वाटतं रीत मोडायला हवी होती.

तो शुक्रवार होता. एजन्सीला सुट्टी. मामूला बसऱ्याची सवारी मिळाली, एक म्हातारा कुवेती, लेकीकडे निघालेला, मांडीवर नातवंडांसाठी मिठाईचा डबा. मामू मला म्हणाला, चल, बसऱ्याला मासा भाजून देतात तो खाऊन येऊ. मी पुढे बसलो. ऊन असं होतं की रस्ता पातळ होऊन हलत होता. खिडकी उघडली तर हवा भाजायची, लावली तर कोंडायची. जाहरा मागे गेलं. चढ लागला. रेडिओवर कुणी अरबीत कुराण पढत होतं आणि मागचा म्हातारा त्याच्याबरोबर ओठ हलवत होता.

तापमानाचा काटा वर सरकताना मी बघितला. मामूने माझ्या आधी बघितला असणार. त्याने गिअर बदलला, आवाज बदलला, काटा थांबला नाही. तेव्हा त्याचा उजवा हात आपसूक डॅशबोर्डच्या खाली गेला, जिथे म्हातारीचं हीटरचं बटण होतं. त्याची बोटं त्या पत्र्याच्या टिकलीवरून फिरली. पुन्हा फिरली. मग त्याने हात परत स्टिअरिंगवर ठेवला. इतक्या वर्षांत मी कितीतरी वाईट गोष्टी बघितल्या, पण मला स्वप्नात दिसतात ती ती बोटं.

बोनेटच्या फटीतून वाफ आली तसा त्याने गाडी कडेला घेतली. सावली म्हणून कुठे काही नाही. मामू उतरला, बोनेट उघडलं. "डिकीतून पाण्याचा डबा आण," म्हणाला. मी जाताना थांबलो, तर ओरडला, "आदी मागं हो! मागं!" मी डिकीकडे गेलो. रेडिएटरचं झाकण उघडायला त्याने डोक्याचं फडकं सोडून हाताला गुंडाळलं असणार. म्हातारीचं झाकण सैल असायचं, वाफ आपली आपण निघून जायची, तो ते शेकडो वेळा असंच उघडायचा. नव्या गाडीचं झाकण घट्ट. सगळी वाफ आत कोंडून धरणारं. ते मला आणि त्याला दोघांनाही माहीत नव्हतं. मी डबा उचलला आणि पुढून आवाज आला, जसा तापल्या तेलात ओला मासा पडावा, आणि त्यानंतर मामूचा आवाज. तो मी लिहीत नाही.

तो रस्त्यावर गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही तळवे तोंडापासून जरा लांब धरून, जणू दुवा मागतोय. चेहरा लाल, पापण्या मिटलेल्या. मला बघून नव्हे, माझ्या पावलांवरून त्याने ओळखलं. "पानी सांडू नको," म्हणाला. "इंजनात टाक. जरा निवला की. नायतर तिघंव इथंच सुकू."

डबा एकच होता. पुढे सगळा चढ, मागे जाहरा. गाडी मला चालवता येत नव्हती, म्हाताऱ्याला तर नाहीच. मी डबा घेऊन तसाच उभा. मामू पुन्हा म्हणाला, "टाक म्हणतो ना रे." म्हातारा गाडीतून उतरला.  त्याने माझ्या हातातला डबा ओढून घेतला, मामूचं डोकं आपल्या छातीशी धरलं आणि पाणी सावकाश, थांबत थांबत, त्याच्या डोळ्यांवर ओतायला लागला. मामू हातपाय झाडत होता. "अरबाब, नको! गाड़ी में डालो, गाड़ी में!" म्हातारा अरबीत म्हणत राहिला, गाडी लोखंडाची आहे रे बाळा, गाडी लोखंडाची आहे. डबा रिकामा होईपर्यंत.

मग आम्ही वाट बघत बसलो. गाडीची जी वीतभर सावली पडत होती तिच्यात मामूला आडवा केला. म्हाताऱ्याने आपल्या डोक्यावरचा पांढरा गुत्रा त्याच्या तोंडावर धरला, स्पर्श होणार नाही असा, आणि हात थकला की मी धरायचो. डब्यातली मिठाई वितळून मातीत सांडली होती, तिच्यावर माशा. मामूच्या ओठांवर फोड आले होते तरी तो बोलला.

"रेडिओ लाव."

"मामू, गप्प पडून राहा."

"लाव रे. बॅटरी हाय ना."

मी दार उघडं ठेवून रेडिओ लावला. बसऱ्याचं स्टेशन खरखरत लागलं.

"मुंबई लागते काय बग."

"दिवसाची नाही लागत, मामू."

"लागंल. फिरव."

मी काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग परत उलटा. खरखर, अरबी, खरखर. त्याला ऐकू यावं म्हणून मी फिरवत राहिलो, लॉरी येईपर्यंत. लॉरी सिमेंटची होती. मामूला आम्ही पोत्यांवर घातला. म्हातारा त्याच्याजवळ पोत्यांवर बसला, लेकीकडे गेलाच नाही. त्याचं नाव मला माहीत नाही. माझ्या दुव्यात तो रोज असतो, बिननावाचा.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, पाणी लगेच ओतलं म्हणून एका डोळ्याला उजेड तरी कळेल. दुसरा गेला. मामू तो पावसाळा, म्हणजे आपल्याकडचा पावसाळा, पट्टी बांधून पडला. बू युसुफ दर शुक्रवारी यायचा, खुर्चीवर बसून जपमाळ फिरवायचा, आणि उठताना प्रत्येक वेळी तेच म्हणायचा, "मैंने दोनों क्यों नहीं लिया." मामू त्याची समजूत काढायचा. दाऊदभाई, रेनकोटचा विनोद करणारा, रोज भाकऱ्या थापून डब्यात आणायचा. जाड, कडेला करपलेल्या. मामू चाचपून म्हणायचा, "दाऊद, ही भाकर हाय का गाडीचा टायर?" आणि दाऊदभाई हसायचा आणि खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. ऑक्टोबरात मामूला बोटीत बसवला. त्याने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, आता लायसन काढा."

काढलं. बू युसुफने ती गाडी मलाच दिली, चालवायला. आणि एजन्सीतून हीटर बसवून घेतला, यादीतल्या किंमतीपेक्षा बराच महाग पडला त्याला. ती पत्र्याची टिकली मेकॅनिकने माझ्या हातात ठेवली. मुतलाच्या चढावर भर उन्हात मी हीटर सुरू करायचो, काटा वर असो नसो. सवारी शिव्या द्यायची. माझे पाय भाजायचे. मी पाय खालीच ठेवायचो.

पहिल्या रजेला गेलो तेव्हा मामूसाठी एक लहान ट्रान्झिस्टर नेला. तो ओटीवर बसलेला होता, उजेडाकडे तोंड करून, जसं रोपटं करतं. मुमानीने चहा दिला. त्याने रेडिओ हातात घेऊन सगळीकडून चाचपला, काटा सापडला, आणि सावकाश फिरवायला लागला. मुंबई लागली, मोठी, खणखणीत. तो पुढे गेला.

"काय शोधतास मामू?"

"कुवेत लागतं काय बगतो."

लागलं नाही. त्याने रेडिओ मांडीवर ठेवला. खाडीवरून वारा येत होता. मग म्हणाला, "गाडीत हीटर बसवला म्हणे अरबाबाने."

"बसवला."

"आन् रेडिओ? तो काढला तर नाय ना?"

"नाही काढला. आहे."

"लावतोस ना संध्याकाळचा?"

त्या शुक्रवारनंतर मी त्या रेडिओला हात लावला नव्हता. त्याचा काटा अजून तिथेच होता, लॉरी आली तेव्हा माझ्या बोटांनी जिथे सोडला तिथे.

"लावतो की," मी म्हटलं.

"मुंबई लागते?"

"लागते, मामू. मगरिबनंतर अगदी स्वच्छ लागते."